गाझाची चित्रं काढणारी मुलगी

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानांवर गाझातली पडलेली घरं काढत बसते आणि पुढे 'चित्रांतून पत्रकारिता' करणार म्हणते. त्यांना विचारायचंय, यात पोट भरतं का, आणि लांबच्या भांडणात आपल्या पोरीने कशाला पडायचं?

स.न.वि.वि.

हे खूळ तिचं एकटीचं नाही. जो सॅको नावाचा एक कॉमिक्स-चित्रकार पत्रकारितेची पदवी घेऊन बाहेर पडला, मनासारखं काम मिळेना म्हणून कॉमिक्सकडे वळला. १९९१-९२च्या हिवाळ्यात तो वेस्ट बँक आणि गाझा या पॅलेस्टिनी भागांत फिरला, लोकांच्या घरी बसून चहा प्यायला, प्रश्न विचारत राहिला. त्यातून 'पॅलेस्टाइन' हे नऊ अंकांचं कॉमिक १९९३पासून निघालं. आधी खप जेमतेम, १९९६ला अमेरिकन बुक अवॉर्ड. पानांत तो स्वतःलाही काढतो, पण चष्म्याच्या काचा कोऱ्या, डोळे दिसतच नाहीत. पुढे १९५६ साली गाझातल्या खान युनिस आणि रफाहमध्ये झालेल्या हत्यांबद्दल त्याने म्हाताऱ्या माणसांना विचारलं. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना, तर ते न जुळणंही त्याने चितारलं. तुमच्या मुलीने शिकायचं ते हेच. हात तिचा चांगलाच असेल, पण तिची घरं बातम्यांतल्या फोटोंवरून उतरलेली आहेत ना?

आणि एकाच बाजूचं वाचू नका म्हणावं. इस्रायलच्या रुतू मोदानचं कॉमिक तेल अवीवच्या एका टॅक्सीवाल्याचं आहे. बॉम्बस्फोटात मेलेला, ओळख न पटलेला माणूस आपला बाप तर नाही, हे तो शोधतोय. तिथल्याच आरी फोल्मन या दिग्दर्शकाने १९८२च्या लेबनॉन युद्धातल्या स्वतःच्या सैनिकी आठवणींवर अ‍ॅनिमेटेड माहितीपट केला. आधी मुलाखती, मग चित्रं.

धोक्याचं लपवत नाही. पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अलीचा हंडाला, दहा वर्षांचा अनवाणी पोरगा, वाचकाकडे पाठ करून हात मागे बांधून उभा असतो. त्याच्या चित्रकारावर १९८७ साली लंडनमध्ये गोळी झाडली गेली, पाचेक आठवड्यांनी तो गेला. कराडच्या मुलीवर असं येईल असं नाही, पण भूमिका घेणाऱ्या चित्राची किंमत असते, हे घरात मोकळेपणी बोला.

पोटाचं म्हणाल, तर निव्वळ यावर घर चालवणारे बोटावर मोजण्याइतके. बाकीचे स्टोरीबोर्ड, पाठ्यपुस्तकं, मुलांची पुस्तकं, जाहिराती करून वेळ काढतात. म्हणून पदवी चित्रकलेची किंवा डिझाइनची घ्यावी: राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी राज्याची कला सीईटी, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्यांची परीक्षा, आयआयटी मुंबईच्या डिझाइनसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा. बारावी कॉमर्स तिन्हीकडे चालतं. पत्रकारिता नंतरही करता येते.

सध्या तिला एक काम द्या. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटणकडची, त्या वेळी कळती असलेली तीन माणसं शोधायची, वेगवेगळं बसवून विचारायचं, कोण कुठे झोपलं होतं, आधी काय पडलं. तिघांचं जिथे जुळणार नाही, तिथे रबर वापरायचं नाही. आठ पानं, काळ्या शाईत. झाली की मला पाठवा. बोर्डाचे पेपर झाल्यावर, आधी नाही.