घेण्याआधी, फेकण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ दोन हजारांत मिळतंय. मुलगा घेऊन द्यायला तयार आहे. घ्यावं का?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : घेऊ नका. आणि आधीच घेतलं असेल, तर त्यावरचा आकडा बघून गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त करू नका.

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. त्वचेखालून रक्त किती वाहतंय ते तो टिपतो आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजतो. लाल आणि अवरक्त दिवे असतील तर रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज येतो. साखर मात्र त्या उजेडात दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला होता : त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. ही घड्याळं तरीही बोट टोचून आलेल्या आकड्याशी जुळल्यासारखी वाटतात, कारण ती जेवणाच्या वेळा धरून ‘शोभेल’ असा आकडा दाखवू शकतात. साखर खरोखर ६०पर्यंत घसरलेली असताना घड्याळ १४० दाखवत असेल, तर काय होईल याचा विचार करा.

दंडावर चिकटवायचा सेन्सर ही वेगळी गोष्ट आहे. त्याची केसाएवढी तार त्वचेखाली जाते आणि साधारण दोन आठवडे चालते. काही घड्याळांवर त्याचा आकडा दिसतो, पण मोजणारा तो सेन्सरच. डॉक्टरांनी सुचवला तर जरूर घ्या. नाहीतर त्या दोन हजारांत चांगला ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घ्या. पट्ट्यांची मुदत बघा, डबीचं झाकण लगेच लावा आणि मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाने रक्त काढलं, तर मीटर त्या आंब्याची साखरही मोजतो.

प्रश्न : २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. फोनची बॅटरी ५,०००ची आहे, म्हणजे फोन चार वेळा भरायला हवा. अडीच वेळाच भरतो. दुकानदाराने फसवलं का?
— वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक नाही. फसवतो तो खोक्यावरचा मोठा आकडा.

एमएएच ही विद्युतभाराची मोजणी आहे. ऊर्जा हवी असेल तर तिला व्होल्टने गुणावं लागतं. पॉवर बँकेतले सेल ३.७ व्होल्टचे असतात, म्हणून २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॉट-अवर. हे व्होल्ट वाढवून यूएसबीतून ५ किंवा ९ व्होल्टने बाहेर काढताना दहा-पंधरा टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. फोन ते व्होल्ट पुन्हा खाली उतरवतो, तिथेही जवळपास तेवढीच ऊर्जा जाते. हातात राहतात ५५ वॉट-अवरच्या आसपास. तुमच्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॉट-अवरची. म्हणजे अडीच ते तीन वेळा भरणं हा प्रामाणिक हिशोब आहे.

म्हणून खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापलेला आकडा वाचा. २०,०००च्या बँकेवर तो १२ ते १३ हजार असेल तर माल बरोबर आहे. तो छापलेलाच नसेल, तर ती बँक घेऊ नका. दुसरी कसोटी तराजूची. एवढी ऊर्जा साठवणारे सेल एकटेच पाव किलोच्या वर भरतात, त्यामुळे २०,०००ची बँक हातात हलकी लागली, तर आत तेवढे सेल नाहीत. आणि भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक अंगावर छापलेला असलाच पाहिजे.

विमानाने जाणार असाल, तर १०० वॉट-अवरपर्यंतची बँक हातातल्या सामानातच न्यायची, चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही. तुमची ७४ची चालेल. महिनोन् महिने वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा. फुगलेली बँक चार्जिंगला लावू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

प्रश्न : २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आहे : सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. दुकानात म्हणाले, विंडोज १० बंद झालं, आता नवाच घ्या. घरात काम म्हणजे टायपिंग, मेल आणि मुलीचे व्हिडिओ धडे.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदाराने दोन वेगळे आजार एकाच गोळीत बांधले. आधी मंदपणाचं बघू.

दोष प्रोसेसरचा नाही, हार्ड डिस्कचा आहे. तिच्यात तबकडी फिरते आणि एक सुई जागा शोधत सरकते. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायला लागल्या की ती सेकंदाला शंभरेक जागाच गाठते, आणि विंडोज सुरू होताना हजारो फाइली वाचतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात सरकणारं काहीच नाही, म्हणून तेच काम अर्ध्या मिनिटात होतं. तुमच्या काळच्या लॅपटॉपला बहुधा अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसेल. ५०० जीबीच्या आसपासची पुरे. आत एम-डॉट-टू खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) आहे का, हे मॉडेल क्रमांकावरून आधी बघून घ्या.

रॅम ८ जीबी करा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’मधलं ‘मेमरी’ उघडलं की किती खाचा वापरात आहेत ते दिसतं. दोनपैकी एक असेल तर ४ जीबीची लॅपटॉपची डीडीआर-फोर पट्टी वाढवा. एकच खाच असेल तर पट्टी बदलावी लागेल, आणि रॅम बोर्डावरच डाख दिलेली असेल तर तो विषय सोडा.

डिस्क बदलण्याच्या दोन रीती. जुनीची जशीच्या तशी नक्कल नव्यावर उतरवता येते. त्यासाठी यूएसबी-साटा केबल लागते आणि जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्यात मावला पाहिजे, पण आठ वर्षांचा कचराही सोबत येतो. कोरं विंडोज टाकणं आम्हाला जास्त पसंत. परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, डिस्क बदलून तो जात नाही. कारागीर पाठचं झाकण उघडतो तेव्हा त्याने आधी बॅटरीची जोडणी काढली का ते बघा, आणि स्क्रू काढलेल्या क्रमाने ठेवायला सांगा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर कीबोर्डाजवळ फोड येतो. जुनी डिस्क एक महिना पुसू नका. पुढे ती यूएसबी पेटीत घालून फोटो ठेवायला वापरा.

आता विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ‘बंद’ झालं नाही, त्याचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६पर्यंतचे वाढीव अपडेट आहेत. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं आणि सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप खात्यावर चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत. विंडोज ११ तुमच्या यंत्राला अधिकृतपणे चालत नाही; इंटेलमध्ये ते आठव्या पिढीपासून. आडवाटेने बसवून देणारे भेटतील, पण मुलीच्या अभ्यासाच्या यंत्रावर आम्ही तो धोका घेऊ देणार नाही.

त्यानंतरची आमची शिफारस लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन काहीही न बसवता चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि तुमचा प्रिंटर हे चारही चालले, तरच बसवा. घरात कोणी टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असेल, तर मिंटच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची २००३पासूनची इतिवृत्तं आणि सभासद-याद्या जुन्या मराठी फॉन्टात आहेत. नव्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. शिवाय युनिकोडमध्ये केलेल्या नव्या यादीत ‘ॲड.’ शोधलं तर निम्मेच वकील सापडतात. आणि ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’ काही केल्या टाइप होत नाहीत.
— ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : फाइली खराब झालेल्या नाहीत, म्हणून सर्वांत आधी एक पथ्य : मूळ फाइलीत एक अक्षरही दुरुस्त करू नका. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेले असत. फाइलीत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर; फॉन्ट फक्त त्याला मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. अशा फाइलीत वर्डने वाक्याच्या सुरुवातीचं अक्षर आपोआप कॅपिटल केलं, तर ते मराठी अक्षरच बदलतं.

जुना संगणक अजून सुरू होत असेल तर आजच त्यावर बसा आणि प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढा. मूळ काय होतं याचा तो पुरावा. मग फाइलीची प्रत घ्या, मजकुरावर कर्सर ठेवा आणि फॉन्टच्या चौकटीत आलेलं नाव जसंच्या तसं लिहून घ्या. फॉन्ट बसवलेला नसला तरी नाव दिसतं. नेमक्या त्या फॉन्टचाच परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम, वापरा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांची घरंसुद्धा वेगळी असू शकतात.

सगळं एकदम बदलू नका, एक पान घ्या. त्यात ‘वार्षिक’, ‘आर्थिक’, ‘निर्मिती’ हे शब्द असू द्या. इतिवृत्तात ते असतातच. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट : वेलांटी नंतर, रफाराचा र आधी. ‘वार्षिक’मध्ये दोन्ही एकाच ‘ष’वर येतात, त्यामुळे कच्चा परिवर्तक इथे हमखास पडतो. हा शब्द नीट उतरला तर बाकीच्यावर बराच भरवसा ठेवता येईल. मधली इंग्रजी नावं आणि ईमेल पत्ते आधी वेगळे काढा, नाहीतर परिवर्तक त्यांनाही मराठी समजून पिंजून टाकतो. आकडे मात्र पीडीएफशी ताडून बघाच. वर्गणीच्या रकमांवर विश्वासाने पुढे जाऊ नका.

फॉन्टच मिळत नसेल आणि छापील प्रती असतील, तर ३०० डीपीआयने स्कॅन करा, एकेक पान गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्सने उघडा. मराठी मजकूर चांगला ओळखला जातो. तक्ते मात्र मोडतात, याद्या हातानेच लावाव्या लागतील.

आता हरवलेले वकील. ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, स्वतंत्र अक्षर. युनिकोडमध्ये ते २००८ साली आलं. दुसरा, साधा ‘अ’ आणि त्यावर वेगळा दिलेला चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळ्या गोष्टी. हिंदी कळफलकावरून आलेला ‘ऍ’ हा तिसरा. यादीतून चंद्र दिलेला ‘अॅ’ कॉपी करा, ‘फाइंड-रिप्लेस’च्या वरच्या चौकटीत चिकटवा, खाली एकसंध ‘ॲ’ द्या आणि सगळीकडे बदला. मग ‘ऍ’साठी तेच. यापुढे यादीत नावं भरणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, असं लिहून भिंतीला लावा.

‘ऱ’चं तसंच. साधा र, हलन्त, य दिला की रफार येतो : दर्या, म्हणजे समुद्र. डोंगरातल्या दऱ्या हव्या तर नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकात तो शिफ्ट-जेवर आहे. पूर्ण शब्द असा : ओ, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. काही जण र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून तोच आकार आणतात. छापायला ठीक, पण तुमच्या यादीत मग ‘कऱ्हाड’चे सभासद दोन गावांत विभागले जातील.

प्रश्न : जीमेलवर मेल येणं बंद झालं, ‘जागा संपली’ म्हणतात. मी तर मेल फारसे ठेवत नाही.
— वाचक, म्हापसा

उत्तर : मोफत १५ जीबीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो हे तिघे एकत्र राहतात. फोटोंची मोफत साठवण १ जून २०२१पासून बंद झाली, आणि २०२४पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जातो. बहुतेक घरांत तोच मोठा खादाड. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे बऱ्याचदा फॉरवर्ड झालेले आणि ५ एमबीपेक्षा मोठे व्हिडिओ वेगळे दाखवलेले असतात. ते पुसा, मग चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळा आणि नवा बॅकअप घ्या. जागा त्यानंतरच मोकळी दिसेल. गूगल फोटोमधून पुसलेला फोटो फोनमधूनही जातो, हे लक्षात असू द्या. ‘जागा विकत घ्या’ ही सूचना दाबायची घाई या सफाईनंतरही अडचण उरली तरच.

प्रश्न : नवी टाइप-सी केबल घेतली, पण फोन जुन्या केबलनेच वेगात भरतो.
— विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : टाइप-सी हे तोंडाचं नाव आहे, ताकदीचं नाही. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत चालते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली लागते. काही कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्याच केबल आणि चार्जरच्या जोडीने चालतं, दुसऱ्या केबलने ते मुकाट साध्या वेगावर येतं. तुमच्या फोनचं तसं असेल तर जुनीच जपून वापरा.

जुनी केबलही ढिली वाटायला लागली, तर नवी घेण्याआधी फोनच्या खाचेत उजेड टाकून बघा. खिशातल्या कापडाचा कोंडा तळाशी दाबून बसतो, पिन पूर्ण आत जात नाही आणि बाहेर मिलिमीटरभर फट दिसते. फोन बंद करा आणि लाकडी दातकोरणीने कडेकडेने कोंडा उकरा. सुई किंवा पिन नको, आतली पट्टी मोडते. केबल टिचकीच्या आवाजासह बसली की झालं.