अमेरिकेतल्या म्युनी बाँडच्या (शहरं-राज्यं काढतात त्या कर्जरोख्यांच्या) कम्प्लायन्समध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघायच्या कामात, नवीन आहेस ना, आधी एवढंच बघ

अभिनंदन रे! सगळं रूलबुक पहिल्याच आठवड्यात पाठ करायला बसू नकोस, आधी हे पक्कं कर की १९७५ साली आलेलं एमएसआरबी (या बाँडच्या धंद्याचं नियम मंडळ) फक्त नियम लिहितं, पकडायला येतात ते फिनरा (ब्रोकर फर्मवर नजर ठेवणारी संस्था), एसईसी (सरकारी शेअर-रोखे आयोग) नाहीतर बँकांचे रेग्युलेटर. नवीन लोक हमखास इथेच गोंधळतात.

- एमएसआरबीचा नियम जी-१७: गिऱ्हाईक असो की आणखी कुणी, सगळ्यांशी सरळ वागायचं, बास.
- जी-३७ वर, म्हणजे राजकीय वर्गणीच्या नियमावर, मात्र वेळ घाल. तुमच्या बँकरने मेयरच्या निवडणुकीला हौसेने ५०० डॉलर दिले की त्या शहराचा निगोशिएटेड (बोली न लावता, बोलणी करून मिळणारा) धंदा फर्मला २ वर्षं बंद! बँकरला स्वतःला तिथे मतदानाचा हक्क असेल तर निवडणुकीमागे २५० पर्यंत चालतं. वर्गणीचं आधी विचारायचं हे लोकांना सुचतच नाही, नंतर पळापळ.
- एमा (एमएसआरबीची बाँडच्या माहितीची साइट) फुकट आहे, रोज एखादा बाँड उघडून झालेल्या ट्रेडचे भाव बघ.

मार्कअपची (बाँड विकताना डीलर भावात चढवतो त्या नफ्याची) भानगड नंतर बघू.