पशुवैद्यांना विचारा : हस्कीची पिल्लं घ्यावीत का?

प्रश्न : आमची हस्की राणी दोन वर्षांची होतेय. सोसायटीत निळ्या डोळ्यांचा देखणा नर आहे. अलास्कात स्लेज ओढणारी कुत्री तयार करतात, तशी दमदार पिल्लं मिळतील का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तिथे कामाच्या कुत्र्यांत डोळ्यांचा रंग कोण विचारतो! आधी पंजा उचलून बघतात. बोटं घट्ट मिटलेली हवीत. फाकलेली असली की मधे बर्फाचे गोळे अडकतात आणि कातडं सोलतं. मग भूक. दमून आल्यावरही भांडं चाटूनपुसून साफ करणारा कुत्राच लांब पल्ल्याला टिकतो. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावाला स्लेजवरून घटसर्पाचं औषध नेताना सर्वांत लांब टप्पा धावलेला टोगो हा कुत्रा अंगाने लहानखुराच होता, पुढे त्याची पिल्लं मुद्दाम घेतली गेली. म्हणजे आधी काम, मग वंश. राणीने आजवर ओढलंय ते तुम्हाला, तळजाईच्या चढावर.

तरी घ्यायचीच असतील, तर दोघांचे डोळे तज्ज्ञाकडून तपासा. हस्कीत आनुवंशिक मोतीबिंदू आढळतो. गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जंतूसाठी रक्तचाचणीही करा. गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा, त्यामुळे फेब्रुवारीत जोडी लावली तर पिल्लं ऐन एप्रिलच्या उन्हात. विकणार असाल, तर कुत्र्यांची पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

माझं विचाराल तर नसबंदी करा. पावसाळ्याआधी उरकलेलं बरं.