रविवारी नाही दुखत, सोमवारीच कसं दुखते?

मुलाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगतात, दार लोटून घेतात आणि मग आवाज उतरवून आईवडील मला, म्हणजे समुपदेशकाला, विचारतात, "मॅडम, याचं खरंच दुखते, का शाळा बुडवायसाठी नाटक करून राहिला?" दमा असो, आकडी असो, सांधेदुखी असो, दीर्घ आजाराच्या मुलांचे पालक हे कधी ना कधी विचारतातच. पण आमच्या पूर्व विदर्भात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो तो सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या मुलांबद्दल. कारण उघड आहे. हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर थर्मामीटर सांगतो. सिकलसेलची कळ ज्याला येते त्यालाच माहीत. पाय सुजलेला नसतो, एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो आणि तासाभरापूर्वी अंगणात उड्या मारणारं पोरगं मांडी धरून विव्हळत असतं. घरच्यांना शंका येते यात त्यांचा दुष्टपणा नसतो.

अशाच एका घराची ही हकिकत. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुमित अकरा वर्षांचा, सहावीत शिकणारा. चंद्रपूर जिल्ह्यातलं धानपट्ट्यातलं गाव. वडील राइस मिलमध्ये कामाला, आई रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत मजुरीला जाणारी. घरात आजी आणि सहा वर्षांची धाकटी बहीण. सुमितचं निदान पाचव्या वर्षी झालं होतं. रिपोर्टवर 'एसएस', म्हणजे पूर्ण आजार.

वडील आले ते भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून काखेत घेऊन. शाळा बुडाली त्या प्रत्येक तारखेवर लाल पेनानं फुली मारलेली. टेबलावर पसरून एकेका फुलीवर बोट ठेवत म्हणाले, "हे पाहा, सोमवार. हाही सोमवार. हा मंगळवार आहे, पण आदल्या दिवशी सुट्टी होती. रविवारी काहून नाही दुखत याचं? दिवसभर क्रिकेट खेळते. सोमवारी शाळेची वेळ झाली की पाय धरते."

फुल्या खरंच सोमवारी जास्त होत्या. आणि नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत त्याहून दाट. असा पुरावा घेऊन येणारे पालक मला आवडतात, कारण त्यांनी निदान पाहिलेलं असतं. मी ते कॅलेंडर तसंच टेबलावर राहू दिलं आणि आधी आजार समजावला.

तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात, अगदी बारीक वाहिनीतूनही अंग चोरून निघून जातात. सिकलसेलमध्ये पेशीतलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यातला प्राणवायू सुटला की ते एकमेकांना चिकटून ताठर होतं आणि पेशी विळ्याच्या आकाराची, कडक होते. अशा पेशी वाहिनीत अडकतात, पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही आणि कळ उठते. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळसर. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, दमछाक झाली किंवा ताप आला, की पेशी वळण्याचं प्रमाण वाढतं. वडील मान हलवत होते. हे सगळं त्यांनी आधीही कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. ऐकलेलं आणि सोमवारची फुली यांचा मेळ मात्र कुणी घालून दिला नव्हता.

मग मी रविवार संध्याकाळ विचारायला घेतली. किती वाजता घरी येतो, काय खातो, पाणी कधी पितो, कुठे झोपतो. पाण्याशी आल्यावर आई गप्प झाली. सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. शेवटी म्हणाली, "रात्री गादी ओली करते, मॅडम. एवढा मोठा झाला तरी." आजीनं त्यावर उपाय काढला होता. दिवेलागण झाली की पाणी बंद. तहान लागली तर चूळ भरायची.

इथे गाठ होती. सिकलसेलमध्ये लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची ताकद लहानपणीच कमी होते. अंगात पाणी असो वा नसो, पातळ लघवी होत राहते. म्हणून यातली बरीच मुलं दहा-बारा वर्षांची झाली तरी रात्री गादी ओली करतात. हा आळस नाही, खोडही नाही. पाणी तोडल्यानं लघवी थांबत नाही, अंग तेवढं कोरडं पडतं.

आता रविवार जोडून पाहा. दुपारभर उन्हात क्रिकेट, खेळाच्या नादात पाण्याचा विसर. संध्याकाळपासून घरच्यांनी पाणी बंद केलेलं. रात्री उरलंसुरलं लघवीवाटे गेलं. सकाळी सहाला बोअरच्या गार पाण्यानं आंघोळ, कारण ओल्या गादीमुळे आधी अंघोळीलाच पिटाळलं जातं. मग थंडीत, बिनस्वेटरचा, सायकलवर शाळेला. सोमवारी सकाळी कळ आली नसती तर नवल. आणि रविवारी? उशिरा उठतो, गरम चहा-पोळी खातो, ऊन वर आल्यावर आंघोळ करतो. म्हणून रविवारी नाही दुखत. वडिलांनी मुलाविरुद्ध गोळा केलेल्या फुल्या मुलाच्याच बाजूनं साक्ष देत होत्या. त्यांनी कॅलेंडर स्वतःकडे फिरवून घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण सुमितशी एकट्याशी बोलले तेव्हा दुसरी बाजूही निघाली. दुखणं शून्य ते दहात किती, असं विचारलं तर त्याचं उत्तर नेहमी नऊ. मी म्हटलं, नेहमी नऊच कसं? तो म्हणाला, "पाच सांगितलं तर बाबा म्हणते, सायकल काढ. म्हणून नऊ सांगतो." थोड्या वेळानं, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत, "कधी कधी नाही दुखत तरी सांगतो. गणिताची वही पुरी नसली की." वर्गातली मुलं त्याला 'पिवळ्या' म्हणतात हेही त्याच दिवशी कळलं. आणि एक सर तासाला लघवीला सोडत नाहीत, म्हणून शाळेत तो पाणीच पीत नाही.

म्हणजे वडिलांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. सुमितला विचारून मी हे घरच्यांना सांगितलं, आणि त्यासोबत माझं मतही. मूल दुखणं फुगवून सांगतं ते बहुधा आधी खरं सांगून पाहिल्यावर. पाचाला कुणी दाद दिली नाही तर ते नऊवर जातं, आणि एकदा नऊवर गेलं की खरोखरचा नऊ आला तेव्हा त्याच्याकडे सांगायला आकडाच उरत नाही. महिन्यातून एखादा दिवस वहीसाठी बुडाला तर बुडू द्या. खरी कळ 'नाटक' ठरवून घालवलेले दोन तास या आजारात फार महाग पडतात. हे सगळ्याच समुपदेशकांना पटेल असं नाही, काहींना यात लाड वाटतो. मला वाटत नाही.

मात्र सगळं मुलाच्या शब्दावर सोडलं नाही. दुखण्याच्या दिवसाची रीत ठरवली. सुमितनं आकडा सांगायचा, 'खरं सांग' हे कुणी म्हणायचं नाही. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेली पॅरासिटामॉल, दोन पेले पाणी, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. बर्फ लावायचा नाही, त्यानं वाहिन्या आणखी आकसतात. अकरापर्यंत उतार पडला तर दुपारच्या सत्रात शाळा, वडिलांच्या ओळखीचा ऑटो आहे. उतार नाही पडला तर झोप, पाणी, हलकं जेवण. मोबाइल नाही, आणि संध्याकाळी शेजारच्या मुलाची वही आणून अभ्यास. दुखणाऱ्या मुलाला याचा जाच होत नाही. वहीपासून पळणाऱ्याला घरी राहण्यात गंमत उरत नाही. गणितासाठी वेगळं बोलावं लागलं. वही अपुरी राहण्याचं कारण आधीच्या गैरहजेऱ्या हेच होतं.

घरात बदल तसे किरकोळच. गादीवर मेणकापड, रात्री अकराच्या सुमारास एकदा उठवून लघवीला नेणं, सकाळी कोमट पाणी, स्वेटर, खेळताना मैदानाच्या कडेला बाटली. आजीला पाण्याचा नियम मोडणं जड गेलं. "मग रोज गोधड्या कोण धुईन?" हा त्यांचा सवाल रास्त होता, कारण धुणं त्यांच्याच वाट्याला होतं. ओली चादर सुमितनंच सकाळी बादलीत भिजत घालायची, आरडाओरडा नाही, असं ठरल्यावर त्या तयार झाल्या. शाळेला डॉक्टरांचं पत्र दिलं: बाटली बाकावर राहील, लघवीला विचारेल तेव्हा सोडायचं, उन्हात उभं राहण्याची किंवा पळण्याची शिक्षा नाही. बाटलीचं जमलं. लघवीचं अजून तासाच्या सरांवर अवलंबून आहे.

बोलता बोलता औषधाचंही उघड झालं. सरकारी दवाखान्यातून मोफत मिळणारं हायड्रॉक्सियुरिया हे लोक फक्त दुखेल त्या दिवशी देत होते. ते वेदनाशामक नाही. रोज घेतलं तर काही महिन्यांत कळा येण्याचं प्रमाण कमी करतं, आणि त्यासाठी ठरावीक काळानं रक्ततपासणी लागते. हे मी डॉक्टरांकडे परत पाठवून त्यांच्याच तोंडून सांगवलं. औषधाच्या बाबतीत लोकांनी समुपदेशकाचं ऐकू नये.

आणि काही बाबतींत घरी आकडा विचारत बसायचंच नाही, थेट दवाखाना. १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, कारण या मुलांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, नीट काम करत नाही आणि जंतुसंसर्ग झपाट्यानं वाढतो. छातीत दुखणं किंवा धाप. एकाएकी पांढरं पडणं आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगणं. तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलताना जीभ अडखळणं. मुलग्यांमध्ये आणखी एक गोष्ट, जी घरोघरी लाजेपायी दडवली जाते: लिंग ताठ होऊन दुखत राहणं आणि तासन् तास न उतरणं. सुमितच्या वडिलांनी हे त्याला सांगायचं असं ठरलं. त्यांनी कसं सांगितलं ते मी विचारलं नाही, पण सांगितल्याचं सुमितनं मला कळवलं.

सगळ्यात अवघड भेट आजाराच्या मुळावरून झाली. "आमच्या खानदानात कोनाले नाही हा रोग, सुनेच्या माहेरून आला," हे आजीचं वाक्य आईनं सहा वर्षं ऐकलं होतं. एसएस मूल व्हायला दोन्हीकडून एकेक जनुक यावं लागतं. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. आईबाप दोघं 'एएस', म्हणजे वाहक असले तर दर गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० आणि पूर्ण निरोगी मुलाची २५. एक मूल आजारी झालं म्हणून पुढचं सुटत नाही, प्रत्येक वेळी गणित नव्यानं. सुमित एसएस आहे म्हटल्यावर वडिलांकडे जनुक आहे हे तपासणीआधीच ठरलेलं होतं, पण ते तोंडी सांगून घरातलं वजन हलत नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात आजार जास्त असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. वडील ३७ वर्षांचे. गावातल्या शिबिरात आशाताईंनी त्यांचंही रक्त घेतलं. रिपोर्ट एएस. तो त्यांनी स्वतः आईला वाचून दाखवला. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत, पण माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही असं सून सांगते. धाकटी बहीणही एएस निघाली. ती धडधाकट आहे, तिला औषधाची गरज नाही. लग्नाच्या वेळी समोरच्या मुलाची तपासणी करायची, एवढं घरानं आत्ताच लक्षात ठेवायचं आहे.

सोमवारच्या फुल्या कमी झाल्यात. थांबलेल्या नाहीत. गेल्या डिसेंबरात सुमित चार दिवस दवाखान्यात भरती होता, सगळं नीट पाळूनही. हा आजार असा हिशेबात बसत नाही, हे वडिलांना पचवायला जड गेलं.

सध्या त्या घरात चर्चा आहे ती अपंगत्व प्रमाणपत्राची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. राज्यात एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, दहावी-बारावीच्या परीक्षेत तासामागे २० मिनिटं जादा मिळतात. वडिलांना हवं आहे, आईला नको. "धडधाकट दिसते पोरगा, त्याच्या नावाला अपंग कशाला लावायचं?" तिला मी समजावायच्या भानगडीत पडलेले नाही. सुमितला विचारलं तर तो म्हणाला, गणिताच्या पेपरला वीस मिनिटं जास्त मिळत असतील तर चालेल. दहावीला चार वर्षं आहेत. पुढच्या तपासणीला येताना आधार कार्ड आणि रिपोर्टची फाइल सोबत असू द्या, एवढं सांगून ठेवलंय.