मेव्हण्याची संध्याकाळची गाडी

पत्र:

ताई, आम्ही दोघंही पुण्यात आयटीत आहोत. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची आहे. रोजचं आयुष्य म्हणजे सकाळी डबे, स्कूल व्हॅन, हिंजवडीचं ट्रॅफिक आणि रात्री दहाला दोघं आपापल्या लॅपटॉपवर, बोलायला वेळच नाही. त्यामुळे दिवाळीची सुट्टी हाच काय तो आमचा फॅमिली टाइम. दरवर्षी धनत्रयोदशीला आम्ही गाडी काढतो आणि कराडला आमच्या घरी जातो. आई-बाबा वाट बघत असतात, भाऊबीजेला माझ्या दोन्ही बहिणी मुलांना घेऊन येतात, घर भरून जातं. बायकोच्या भाऊबीजेचाही प्रश्न येत नाही, तिचा भाऊ दरवर्षी उदगीरहून एसटीने येतो, शेती करतो तो, आमच्या सगळ्यांचं आटपलं की ती त्याला ओवाळते आणि तो संध्याकाळच्या गाडीने परत जातो. यंदा मात्र तिने सांगून टाकलंय की मी कराडला येणार नाही, तुम्ही दोघं जा, मी फ्लॅटवर राहीन. का विचारलं तर म्हणते काही नाही, दमलेय. आईशी तिचं भांडण नाही, आई तिला मुलीसारखं वागवते. मी घरात मदत करतो, तिला कधी कशाला अडवलेलं नाही. ती जरा फ्रेश व्हावी म्हणून भाऊबीजेनंतर तीन दिवस महाबळेश्वरला रिसॉर्ट बुक केलंय, ते सांगितल्यावरही नुसतं बरं म्हणाली. आईला काय सांगू, आणि हिला कसं समजावू?

उत्तर:

तुझे दोन्ही प्रश्न मी आत्ता बाजूला ठेवतेय. पत्र वाचताना मी तुझ्या मेव्हण्यापाशी येऊन थांबले आणि मग पुढचं रिसॉर्टबिसॉर्ट वाचण्यात माझं लक्षच लागेना. तुमच्या सगळ्यांचं आटपलं की ती भावाला ओवाळते आणि तो संध्याकाळच्या गाडीने जातो. हे तू जाता जाता लिहिलंस, तो विषय कधीच मिटलाय असं समजून. अरे, तो मिटलेला नाहीये, आठ वर्षं तसाच पडलाय.

उदगीर ते कराड हा प्रवास तू स्वतः एसटीने कधी केलायस का? उदगीरहून लातूर, लातूरहून सोलापूर, तिथून पंढरपूर करत कराड, आणि हे सगळं दिवाळीच्या गर्दीत, जेव्हा गाडी फलाटाला लागायच्या आधी लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात. भाऊबीजेला दुपारपर्यंत कराडला पोचायचं तर त्याला पाडव्याच्या रात्रीच घर सोडावं लागत असणार, म्हणजे त्याच्या बायकोने ओवाळलं की लगेच पिशवी उचलून स्टँड. आणि तुमच्याकडून संध्याकाळी निघाला की पुन्हा रात्रभर तेच उलट्या दिशेने. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याला पूर्ण पडतं. गाडी तुझ्या दारात उभी आहे आणि प्रवास तो करतो, दरवर्षी तोच.

मला सांग, तो आल्यावर बसतो कुठे? बाहेरच्या खोलीत, मांडीवर पिशवी घेऊन? जेवतो कोणाच्या पंगतीला? त्याच्याशी तुझ्या घरात कोण बोलतं? तुझ्या बहिणी, त्यांचे नवरे, पोरं, सगळ्यांची पानं होईपर्यंत तुझी बायको आत पुऱ्या लाटत असणार, आणि तिला हाताचं पीठ पुसून तबक घ्यायला फुरसत मिळते तेव्हा तिच्या भावाची गाडीची वेळ होत आलेली असते. कुंकू, अक्षता, सुपारी-अंगठी, निरांजन फिरवलं, साडी हातात दिली, तो पाया पडला किंवा ती पडली, संपलं. वर्षात एकदा भेटणाऱ्या बहीणभावाला तेवढंच मिळतं. आई कशी आहे, बाबांच्या गुडघ्याचं काय, घराची गळती थांबली का, हे तिने त्याला विचारायचं कधी? दाराबाहेर चपला घालताना?

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्याने उभं सोयाबीन पाण्यात गेलं, लातूर जिल्ह्यातही गेलं, कित्येकांची काढणीच झाली नाही आणि ज्यांची झाली त्यांचा माल काळा पडला. त्यानंतर महिन्याभरात दिवाळी होती. तू लिहितोस तो दरवर्षी येतो, म्हणजे त्याही वर्षी आला. हातात काहीतरी घेऊनच आला असणार, रिकाम्या हाताने भाऊ येत नाही. त्या वर्षी त्याच्या शेताचं काय झालं हे तुला माहीत आहे का? मला नाही वाटत, कारण माहीत असतं तर पत्रात त्याच्याबद्दल शेती करतो तो एवढं लिहून तू पुढे गेला नसतास. तुझ्या बायकोला मात्र माहीत असणार. आणि ते माहीत असून तिने त्या दिवशी तुमच्या पंगती वाढल्या.

तुझं पत्र मी परत वाचलं ते फक्त एवढ्यासाठी की तिच्या आई-वडिलांबद्दल कुठे काही आहे का. नाहीये. तुझ्या आईला काय वाटेल, बाबा कशी वाट बघतात, बहिणी कधी येतात, सगळं आहे. तिची आई हयात आहे की नाही हेसुद्धा मला कळलं नाही. पहिल्या वर्षी दिवाळसणाला गेला असशील, मान-पान झालं असेल, त्यानंतर दिवाळीत त्या घरात तुमच्यापैकी कोणी पाऊल ठेवलंय? तिला अडवलं नाही म्हणतोस. खरं असेल ते. पण धनत्रयोदशीला गाडी कराडकडे वळते हे आधीच ठरलेलं असेल तर अडवायची वेळ येतेच कशाला?

आई तिला मुलीसारखं वागवते हे मी तुझ्या तोंडचं खरं धरते, तुझी आई चांगली बाई असेल, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भाऊबीजेच्या दिवशी त्या घरात मुली आलेल्या असतात ना, खऱ्याखुऱ्या. त्या उशिरा उठतात, आई त्यांच्या डोक्याला तेल लावते, चिवडा-चकलीचे डबे भरून ठेवते जाताना न्यायला, त्यांच्या पोरांना कोणीतरी सांभाळतं, आणि हे सगळं व्हायलाच हवं, माहेर म्हणजे तेच असतं. ते सगळं तुझी बायको ओट्यापाशी उभी राहून बघते. तुझ्या बहिणींचं माहेरपण तिच्या हातांवर चालतं आणि तिचं स्वतःचं माहेर बाहेरच्या खोलीत बसलेलं असतं, गाडीची वेळ बघत. मग ती दमलेय म्हणते ते खरंच आहे. फक्त ते ऑफिसचं दमणं नाहीये, म्हणून रिसॉर्टने जाणार नाही.

आणि ती स्पष्ट का बोलत नाही, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. मलाही वाटतं तिने आठ वर्षं गप्प बसायला नको होतं, पहिल्या-दुसऱ्या वर्षीच सांगायला हवं होतं. पण बघ ना, तिने तोंड उघडलं की तो लगेच एक विषय होणार, मग आईला वाईट वाटेल, मग बहिणींनी रजा टाकल्यात, मग बाबांचं बीपी, आणि शेवटी तिला स्वतःच्या सणासाठी अर्ज करून तो मंजूर होण्याची वाट बघत बसावं लागणार. त्यापेक्षा फ्लॅटवर एकटी राहीन म्हणणं तिला सोपं वाटलं. तिला समजावायला निघालायस, पण ती नवऱ्यावर रुसून बसलेली नाहीये रे, तिने आशा सोडलीय, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. बरं म्हणाली ना नुसतं, त्या बरंची काळजी कर.

महाबळेश्वर कॅन्सल कर. दिवाळीत पसरणी घाटात गाड्यांची जी रांग लागते तिच्यात अर्धा दिवस जाईल, वर जाऊन स्ट्रॉबेरी क्रीम खाल, मुलगी पूलमध्ये खेळेल आणि रात्री दोघं बेडच्या दोन टोकांना आपापले फोन घेऊन पडाल, म्हणजे पुण्यात रात्री दहाला जे करता तेच. थोडे पैसे कापले जातील, जाऊ देत.

यंदाचं कॅलेंडर काढ. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलंय, रविवारी ८ नोव्हेंबरला. सोमवारी ९ तारखेला काहीच नाहीये, मंगळवारी १० ला पाडवा आणि बुधवारी ११ ला भाऊबीज. धनत्रयोदशीला कराडला जा, आई-बाबांबरोबर अभ्यंगस्नान करा, फराळ करा, रविवारी संध्याकाळी लक्ष्मीपूजन करा, सगळं दरवर्षीसारखं. आणि सोमवारी सकाळी लवकर तिघं गाडीत बसा आणि उदगीरला निघा. पंढरपूर, सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर, उदगीर. सहज दिवस जाईल, तुळजापूरला दर्शनाला थांबलात तर अंधार पडेल पोचायला, पडू दे. पाडवा तिथे, भाऊबीज तिथे, ती सकाळी, न्हाऊन, नवी साडी नेसून, कसलीही घाई नसताना भावाला ओवाळेल, आणि तू गुरुवारच्या आधी परत निघायचं नाव काढणार नाहीस. शाळेला सुट्टी आहे, तुझी रजाही आहेच, ती महाबळेश्वरसाठी टाकलेलीच होती.

आणि त्या गाडीतले आठ-नऊ तास जे आहेत ना, वर्षभर जो वेळ मिळत नाही म्हणतोस तो तिथे आहे. मुलगी मागे झोपेल. सोलापूर मागे पडलं की ती बोलायला लागेल बघ, कुठल्या स्टँडवर कॉलेजला जाताना गाडी चुकली, कोणाच्या शेतात बोरं होती, कुठल्या मावशीचं गाव आतल्या रस्त्याला आहे. तिला बोलू दे, गाणी लावू नकोस.

तुझ्या बहिणींचं काय, असं तुझ्या मनात आलंच असेल. कितीतरी घरांत भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत करतात, त्यांना नंतरच्या शनिवार-रविवारी कराडला बोलाव किंवा सरळ तू त्यांच्या घरी जा ओवाळून घ्यायला, त्यांनाही आवडेल. आता तू म्हणशील, नंतर चालतं तर हिचीही नंतर करू. नाही. नंतरचा नंबर तिने आठ वर्षं लावला, आता तुमचा.

तिथे गेल्यावर जावई म्हणून पाटावर बसून राहू नकोस. ते लोक तुझ्यासाठी धावाधाव करतील, त्यांना करू देऊ नकोस, उठून आपलं ताट आपण ठेव, मेव्हण्याबरोबर सकाळी रानात जा. नोव्हेंबरात तिकडे हरभऱ्याची पेरणी असते, त्याला विचार किती पेरलाय, गेल्या वर्षी किती नुकसान झालं, मदत मिळाली का, आणि तो सांगेल ते नीट ऐक, पुण्यातले सल्ले देऊ नकोस. त्याच्या बायकोची भाऊबीज कुठे असते तेही विचार, तो दरवर्षी कराडला येत होता तेव्हा ती काय करत होती हे कोणी बघितलं नसणार. तुझी बायको दुपारी झोपली तर झोपू दे. आईजवळ बसून राहिली, तुझ्याशी दिवसभर बोलली नाही, तरी मनाला लावून घेऊ नकोस, तिला आठ दिवाळ्यांचं बोलायचं आहे.

राहिला तुझ्या आईचा प्रश्न. आईला तू फोन करायचास, बायकोला शेजारी बसवून नाही आणि स्पीकरवर तर अजिबात नाही. तिचं असं म्हणणं आहे किंवा तिला जरा बरं नाही असलं काहीही सांगायचं नाही, कारण तसं सांगितलंस की उदगीरची दिवाळी कायमची तुझ्या बायकोच्या नावावर लागेल आणि पुढची दहा वर्षं तिला ती ऐकावी लागेल. मी ठरवलंय, सोमवारी आम्ही उदगीरला जातोय, भाऊबीज तिथे करणार, एवढंच बोल. आई गप्प होईल, कदाचित रडेल, तरी वाक्य बदलू नकोस. बायकोला यातलं काही सुचव म्हणून विचारत बसू नकोस, जायचं का असंही विचारू नकोस, आईशी बोलून झालं की तिला सांग की बोलून झालंय.

आणि मग मेव्हण्याला फोन कर. तू स्वतः, तिच्या फोनवरून नाही, तुझ्या. त्याचा नंबर तुझ्याकडे नसेल तर तिच्याकडून घे. त्याला सांग की यंदा तू निघू नकोस, आम्ही येतोय. हे आज रात्रीच कर, कारण एसटीचं रिझर्व्हेशन तो आधी करून ठेवत असेल तर त्याचे पैसे जायला नकोत.