लंडनहून मिळणारा निधी स्कॉटलंड-वेल्सला हवा तसा खर्च करता येतो का?

हो, बराचसा येतो. समजा इंग्लंडमध्ये आरोग्यावरचा खर्च वाढला, की बार्नेट सूत्रानुसार, म्हणजे अनुदानातली वाढ ठरवायच्या ब्रिटनच्या हिशेबानुसार, लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचं अनुदानही वाढतं. पण ती वाढ आरोग्यावरच खर्च करा, असं बंधन नसतं. शाळांना द्या, रस्त्यांना द्या. निर्णय तिथल्या सरकारचा. वेल्सने २००७ मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं सगळ्यांना मोफत केली, ती याच मोकळिकीतून. चिठ्ठी दाखवायची, औषध घ्यायचं, पाकिटाला हात लावायचा नाही. इंग्लंडमध्ये मात्र बहुतेक नोकरदार आजही दर औषधामागे शुल्क भरतात.

मेख इथे आहे: अनुदान किती, हे लंडनचं अर्थखातं ठरवतं. एचएस-२ या इंग्लंडमधल्या वेगवान रेल्वेमार्गाचा एक रूळही वेल्समध्ये नाही, तरी तो ‘इंग्लंड आणि वेल्स’चा प्रकल्प धरला गेला. म्हणजे वेल्सचा वाटा त्यातच आला असं मानलं गेलं. म्हणून त्या खर्चापोटी स्कॉटलंडला वाढीव अनुदान मिळालं, वेल्सला नाही. हा मला सरळ अन्याय वाटतो. स्कॉटलंडकडे निदान २०१७ पासून पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे ठरवायचा अधिकार आहे. वेल्सला टप्प्यांना हात लावता येत नाही.