गडचिरोलीत संशोधकांना घेऊन जाणार असशील, तर

पहिल्या भेटीला प्रश्नावली नेऊ नकोस. इथल्या गावांनी त्या भरपूर भरून दिल्यात. पुढे काय झालं, ते कुणी सांगायला आलं नाही. आधी ग्रामसभेत बस, ऐक. इथल्याच मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला आणि 2011 पासून बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभा देऊ लागली. तेव्हा वनखात्याला भेटायचंच, पण नुसता तिथला होकार घेऊन गावात गेलास तर कुणी तोंड उघडणार नाही.

हंगाम बघून जा. मार्च-एप्रिल मोहफुलांचे, मे तेंदूपत्त्याचा, पावसाळा धानाच्या रोवणीचा. मोहाच्या दिवसांत बोलायचं असेल तर पहाटे झाडाखालीच जायचं आणि आपणही वेचायला बसायचं. वेचता वेचता बाया जे सांगतात ते सभेत सांगत नाहीत: खालचा पालापाचोळा का जाळावा लागतो, कुठल्या झाडाचं फूल जास्त गोड, ओल राहिली की व्यापारी भाव कसा पाडतो. झाडाखाली जाळी बांधा, असं संशोधक सुचवेल. उपाय चांगलाच आहे, आगही टळते. पण जाळीचे पैसे कोण देणार आणि गुरं शिरली तर काय, हे त्याला तिथंच त्या बायांना विचारायला लाव.

नमुने नेले तर निकाल परत आणायचा, मराठीत, आणि जमलं तर गोंडीत बोलून. इंग्रजी पेपरची झेरॉक्स चालणार नाही. रोजी बुडवून बसणाऱ्यांची मजुरी प्रस्ताव लिहितानाच बजेटमध्ये धर. मंजुरीनंतर ती ओळ कुणी घालत नाही.